खंजिरी आधी, पोथी नंतर

आमच्या चिमूर तालुक्यातल्या घरी आजाची खंजिरी अजून खुंटीला आहे, घोरपडीच्या कातड्याने मढवलेली. पावसाळ्यात कातडं ओल धरून सैल पडायचं, तेव्हा भजनाला निघण्याआधी आजा ती चुलीच्या धगीवर शेकून घ्यायचा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ते कातडं बंद झालं. आता आमच्या मंडळात प्लास्टिकच्या खंजिऱ्या आहेत.

पेटी-तबल्याला बैठक लागते. खंजिरी एका हातात मावते, उभ्याने वाजते, काखेत मारून दुसऱ्या गावाला नेता येते. तुकडोजी महाराजांनी हेच वाद्य का धरलं, ते मला यातून उमगतं. 1909 साली अमरावतीकडच्या यावलीत जन्मलेला माणिक, म्हणजे पुढचे तुकडोजी महाराज, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य. तरुणपणी तो आमच्या रानात आला, रामदिघीला राहिला. गोंदेड्याच्या गुहेत त्याने तप केलं. तिथे आजही यात्रा भरते.

1942 च्या ऑगस्टात महाराजांच्या भजनांनी चिमूर पेटून उठलं. 16 तारखेला, नागपंचमीच्या दिवशी मोर्चा निघाला. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोर गेला. चिडलेल्या जमावाने सरकारी माणसं मारली, डाक बंगला जाळला. मग इंग्रजांची फौज आली. तिने बायांवर काय केलं, हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या कधी बोलल्या नाहीत. त्याच्या चौकशीसाठी गांधीजींच्या आश्रमातल्या प्रा. भणसाळींनी 63 दिवस अन्न सोडलं होतं. महाराजांनाही पकडून नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

महाराजांची ग्रामगीता ही पोथी 1955 ची, 41 अध्यायांची. त्याच वर्षी महाराज जपानला विश्वधर्म परिषदेत जाऊन आले. लोक पोथी वेगळी आणि भजन वेगळं धरतात, ते मला पटत नाही. ग्रामशुद्धी, गोवंशसुधार, महिलोन्नती हे अध्याय वाचताना वाटतं, यातला शब्दन् शब्द आधी चावडीपुढे, कंदिलाच्या उजेडात गाऊन पारखलेला आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला जे उमजलं नाही, ते पोथीत आलंच नाही. म्हणून शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजाला अध्यायच्या अध्याय पाठ होते.

अध्याय म्हणताना त्याची बोटं मांडीवर ठेका धरायची. माझीही धरतात.