मुंबई-दुबई विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? तिकीट असं वाचा

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण सव्वातीन तास लागतात. येताना वारा बहुतेक वेळा पाठीमागून असतो, त्यामुळे थोडा वेळ वाचतो.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची, पोहोचायची दुबईची असते. म्हणून पहाटे ४ ला सुटून ५.४५ ला पोहोचणार असं दिसलं, तरी प्रवास सव्वातीन तासांचाच.

तारीख नीट बघा. तिकिटावर १५ तारीख आणि ००.३० वेळ असेल, तर १४ च्या रात्री साडेनऊलाच विमानतळ गाठा. १५ च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.