फुकटातली होशरुबा

जादूच्या गोष्टी म्हटलं की आपल्या मुलांना हॅरी पॉटर आठवतो. मला आठवते ती 'तिलिस्म-ए-होशरुबा'. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून ती १८८३ ते १८९३ या काळात निघाली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन क़मर यांचे. जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब आणि त्याला जेरीस आणणारा अमर अय्यार; याच्या झोळीत अख्खी दुनिया मावते! छापणारा हिंदू, सांगणारे मुसलमान. हे हल्ली मुद्दाम सांगावं लागतं.

लेखकहक्क केव्हाच संपल्याने या खंडांची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर फुकट मिळतात. पण लिपी नस्तालिक. मराठी शाळेत जाणारी आमची मुलं कुराणाचं अक्षर ओळखतात, त्यावरच्या जेर-जबरसकट. उर्दूच्या पानावर मात्र अडखळतात. इंग्रजी येत असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर 'ॲलिस' आहे, 'ओझ' आहे. होशरुबा असून नसल्यासारखी.

माझ्या आठवीतल्या भाचीला मी सध्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलेल्या अरबी गोष्टी दिल्यात. कृष्णशास्त्री १८७८ साली वारले, म्हणजे त्यांच्या लेखनावरही आता कुणाचा हक्क नाही. भाषा जुनी आहे, पण लिपी तरी तिची आहे. होशरुबाचं पहिलं प्रकरण मी देवनागरीत उतरवायला घेतलंय.