वैद्यकीय इच्छापत्र

बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात निर्णयक्षमता गेल्यास कोणते जीवरक्षक उपचार नकोत, हे सज्ञान व्यक्तीने शुद्धीत असताना लिहून ठेवलेला दस्तऐवज. ‘लिव्हिंग विल’ या नावाने तो अधिक परिचित असून मालमत्तेविषयीच्या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर दशकानुदशके अचेतनप्राय अवस्थेत राहिल्या. त्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निष्क्रिय दयामरणास, म्हणजे कृत्रिम जीवनाधार काढून घेण्यास, उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर तत्त्वतः मान्यता दिली. ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने असे इच्छापत्र वैध ठरविले, परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर साक्षांकनाच्या अटीमुळे ते जवळजवळ कागदावरच राहिले. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. दस्तऐवजात पालक अथवा जवळच्या नातलगांची नावे नमूद करावी लागतात. उपचार थांबविण्यापूर्वी त्यांची संमती आणि प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांचा होकार आवश्यक असतो, व त्यासाठी प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. कपाटात कुलूपबंद ठेवलेली प्रत अतिदक्षता विभागाच्या दाराशी निरुपयोगी ठरते, म्हणून ती नातलगांकडे व कुटुंबाच्या डॉक्टरांकडेही असणे इष्ट.