बाहेर उर्दू, आत कन्नड

भालकीत कुणालाही विचारा, हिरेमठाच्या चन्नबसव पट्टद्देवरूंची ही गोष्ट सांगितल्याशिवाय तो तुम्हाला सोडणार नाही. निजामाचं राज्य. कारभार उर्दूत, कोर्टकचेरी उर्दूत, शाळाही उर्दूच. खासगी शाळा काढायची तर परवानगी हवी, आणि कन्नड शिकवायला ती मिळणं कठीण. स्वामींनी शाळेच्या दाराशी पाटी लावली उर्दूत, आणि आत मुलांना गिरवायला दिलं कन्नड. बाहेर उर्दू, आत कन्नड. या चार शब्दांत स्वामींचं सगळं काम आलं असं इथले लोक मानतात. ते १८९० साली जन्मले आणि १९९९ साली गेले. शंभरी ओलांडलेल्या त्या माणसाबद्दल बोलताना आजही लोकांचा हात आपोआप छातीशी जातो.

आमचं घर मराठी. आमचंही दुखणं तेच होतं. माझे वडील शाळेत अलिफ-बे शिकले. मराठी वाचायला शिकले ते घरी आजीपाशी आणि मंदिरातल्या पाठशाळेत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी म्हैसूर राज्यात राहिली. मग पाट्या पुन्हा बदलल्या आणि आमची मराठी पुन्हा घराच्या आत आली. पण तो विषय वेगळा, त्यावर बोलायला लागले की मी थांबत नाही.

गेल्या दशलक्षण पर्वात उत्तम सत्याच्या दिवशी महिला मंडळात मी बोलायला उभी राहिले आणि ही पाटीची गोष्ट सांगितली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ऐकायला माझी एक ख्रिस्ती मैत्रीण आली होती. जन्मभर नर्स होती, सगळा गाव तिला सिस्टर म्हणतो, मीही. मंदिराच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता ती म्हणाली, "छान बोललीस गं. पण सत्याच्या दिवशी तू खोट्या पाटीची गोष्ट सांगितलीस, हे तुझ्या ध्यानात आलं का?"

नव्हतं आलं. घरी येईपर्यंत मी गप्पच होते.

बसवण्णांचं कल्याण आमच्या शेजारच्याच तालुक्यात. त्यांनी माणसाला सात गोष्टी करू नकोस म्हणून बजावलं. त्यात चोरी नको, हत्या नको, आणि लगेच तिसरं, खोटं बोलू नको. हे वचन कर्नाटकातल्या पोरासोरांना पाठ असतं. पट्टद्देवरू त्याच बसवण्णांच्या वाटेचे. ज्या शाळेच्या दारावर पाटी खोटी, त्याच शाळेत मुलं हे वचन म्हणत असतील काय? माझ्या मनात हे आलं आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला चहाला बोलावलं. म्हटलं, "तुमच्यात काय म्हणतात ते सांग." ती म्हणाली, "आमच्यात दीड-दोन हजार वर्षं भांडणच चाललंय." मग तिने बायबल उघडून शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींची कथा वाचून दाखवली. मिसरच्या फारोने हुकूम काढला की इब्री बायांना मुलगा झाला तर जन्मतःच मारा. सुइणींनी मारले नाहीत. राजाने जाब विचारला तेव्हा म्हणाल्या, इब्री बाया भारी दणकट, आम्ही पोचायच्या आतच बाळंत होतात. आणि देवाने या दोघींचं भलं केलं, असं तिथे लिहिलंय. तशीच यरीहोची राहाब. तिने दोन हेरांना घराच्या धाब्यावर जवसाच्या ताटांत लपवलं आणि राजाच्या माणसांना सांगितलं, आले होते खरे, पण गेले.

मी म्हटलं, "मग संपलं की! देवानेच पास केलं."

"नाही ना. ऑगस्टीन आला."

संत ऑगस्टीन आफ्रिकेतले बिशप. खोटेपणावर त्यांनी दोन ग्रंथ लिहिले, एक सुमारे ३९५ साली, दुसरा सुमारे ४२० साली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खोटं हे पापच, कुणाचा जीव वाचवायला बोललं तरी. पाप लहान असेल, माफ होण्यासारखं असेल, पण पुण्य नव्हे. सुइणींना देवाने फळ दिलं ते दयेचं, खोट्याचं नाही. दुसऱ्या ग्रंथाचं निमित्त तर मला फारच ओळखीचं वाटलं. स्पेनमध्ये प्रिसिलियन नावाच्या पंथाचे लोक आपली मतं लपवून चर्चमध्ये वावरत. एकाने ऑगस्टीनना विचारलं, आम्हीही त्यांच्यातलेच असल्याचं सोंग घेऊन आत शिरलो आणि त्यांना उघडं पाडलं तर? ऑगस्टीन म्हणाले, नाही. खोट्याला खोट्याने पकडायला गेलात तर तुमच्याकडे उरलं काय?

हे ऐकून मी उठून उभीच राहिले. कारण आमच्या अकलंक-निकलंकांनी नेमकं हेच केलं होतं!

तुमच्यापैकी बहुतेकींनी ही कथा पर्वात ऐकली असेल, तरी सांगते, कारण ती आपल्या मुलखातली आहे. मान्यखेट म्हणजे आताचं मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यातलं. पुढे राष्ट्रकूटांची राजधानी झालेलं, अमोघवर्षाचं, आचार्य जिनसेनांचं. तिथल्या मंत्र्याची ही दोन मुलं, असं कथाकोश सांगतो. बौद्धांचं न्यायशास्त्र शिकल्याशिवाय वादात टिकता येणार नाही म्हणून ती दोघं जैन असल्याचं लपवून बौद्ध मठात शिकायला राहिली. गुरूंना संशय आला. त्यांनी जिनमूर्ती ओलांडायला लावली. या दोघांनी मूर्तीवर हळूच एक सूत टाकलं. सुताएवढं का होईना, वस्त्र आलं, म्हणजे ती निर्ग्रंथ जिनमूर्ती उरली नाही, आणि ते ओलांडून गेले. पुढे एका रात्री भांडी आदळून मोठा आवाज केला, तेव्हा झोपेतून दचकून उठताना तोंडातून णमोकार निघाला आणि पकडले गेले. पळताना निकलंकाने भावाला तळ्यातल्या कमळाच्या पानांखाली लपायला लावलं आणि स्वतः पुढे धावत जाऊन मरण पत्करलं.

लहानपणी मला त्या सुताचं फार कौतुक वाटायचं. आता वाटतं, सूत टाकणं हे मनाला समजावणं होतं. पाटीसारखंच. फरक इतकाच की इथे खोटं नाव विद्यार्थ्यांनी लावलं होतं आणि भालकीत शाळेनेच. माणसाला सरळ खोटं बोलवत नाही तेव्हा तो सूत शोधतो.

आपल्या शास्त्रात याला जागा आहे का? आहे, आणि ती नीट वाचण्यासारखी आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडकात श्रावकाचं सत्याणुव्रत सांगितलं. स्थूल खोटं स्वतः बोलायचं नाही, दुसऱ्याकडून बोलवायचं नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याने दुसऱ्यावर संकट कोसळेल असं खरंही बोलायचं नाही, असं सांगितलं. म्हणजे शिकारी हरीण कुठे गेलं विचारतोय, तर बोट दाखवणं हे सत्य नव्हे. पण बघा हं, आचार्यांनी "तेव्हा खोटं बोला" असं म्हटलेलं नाही. खरं बोलू नका म्हटलं. मधली जागा मौनाची. मुनीला ते चालतं. त्याला शिकारी विचारेल आणि निघून जाईल. संसारी बाई दारात गप्प उभी राहिली तर गप्प बसण्यानेच उत्तर मिळतं.

(त्याच समंतभद्रांना भस्मक व्याधी झाली तेव्हा त्यांनी शैव साधूचा वेष घेऊन राजाच्या शिवालयात राहून नैवेद्यावर भूक भागवली, अशी कथा आहेच. सत्याचं लक्षण लिहिणाऱ्यालाही पोटाने वेष घ्यायला लावला.)

आणि त्याच ग्रंथात खोट्याचं उदाहरण म्हणून सत्यघोषाचं नाव येतं. श्रीभूती पुरोहित जानव्याला सुरी बांधून फिरायचा, तोंडून खोटं निघालं तर जीभ कापून टाकीन म्हणायचा. म्हणून लोक त्याला सत्यघोष म्हणू लागले. याच माणसाने ठेव म्हणून दिलेली व्यापाऱ्याची रत्नं गिळली. बिचारा व्यापारी झाडावर चढून ओरडायचा, लोक त्याला वेडा ठरवायचे. न्याय कुणी केला? राणी रामदत्तेने. तिने पुरोहिताला द्यूतात गुंतवलं, त्याची अंगठी आणि जानवं जिंकलं, आणि त्या खुणा दासीच्या हाती देऊन त्याच्या बायकोकडून रत्नं मागवून घेतली. म्हणजे नवऱ्यानेच मागितलीत असं भासवून. सत्यघोषाची दुर्गती झाली. रामदत्तेला मात्र कुठलाच पुराणकार बोल लावत नाही. सिस्टर म्हणाली, "ऑगस्टीनने लावला असता."

तिचा ऑगस्टीन मला आवडला नाही, पण त्याने सांगितलेला एक माणूस आवडला. थागास्ते गावचा बिशप फर्मस. त्याच्याकडे एक माणूस आश्रयाला आला होता. बादशहाचे शिपाई शोधत आले. फर्मस म्हणाला, मी खोटं बोलणार नाही आणि माणूसही देणार नाही. त्याचे हाल हाल केले. तो बधला नाही, शेवटी बादशहाने त्या माणसाला माफी दिली. सगळ्यांनी फर्मससारखं वागावं, असं ऑगस्टीनना वाटायचं. वाटायला काय! फर्मसच्या घरात लहान मुलं नव्हती. ऑगस्टीनच्याच काळातला जॉन कॅशियन नावाचा साधू जरा संसार जाणणारा वाटला मला. तो म्हणे, खोटं हे विषारी औषधासारखं आहे. प्राणावर बेतलं तरच घ्यावं, धडधाकट असताना घेतलंत तर मराल.

आता १९४८. त्या मे महिन्यात आमच्याच बीदर जिल्ह्यात गोरटा गावी रझाकारांनी कत्तल केली. दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली असं सांगतात. सप्टेंबरात फौजा आल्या, १३ ते १७ तारखेत सगळं आटोपलं. ते दिवस दशलक्षण पर्वाचे होते, १७ तारखेला अनंत चतुर्दशी. आपण मुक्तिदिन साजरा करतो तो त्याच दिवसाचा, आणि करावाच. पण नंतरच्या आठवड्यांत गोरट्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतल्या बहुतेकांनी गोरटा पाहिलंही नव्हतं. सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीला पाठवलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांना सगळ्यांत जास्त झळ पोचली, आणि संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. तो अहवाल कित्येक वर्षं झाकून ठेवला होता. शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याची नोंदही त्यात आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी प्राण दिल्याचीसुद्धा. मात्र वाचवताना कोण काय बोललं, हे अहवालात लिहीत नाहीत. ते घरातच राहतं.

आमच्या घरात राहिलेलं सांगते. गल्लीतल्या मणेर बाईच्या दोन मुली, एक बारा-तेरा वर्षांची, दुसरी तिच्याहून लहान, आजीने आत घेतल्या. केस विंचरून वेण्या घातल्या, कपाळाला कुंकू लावलं, जोंधळ्याच्या कणगीशेजारी निवडायला डाळ घेऊन बसवल्या. माणसं आली. त्यांतले काही ओळखीचेच होते. या कोण म्हणून विचारलं. आजी म्हणाली, "माझ्या नणंदेच्या पोरी, उदगीरच्या. पर्वाला आल्यात." एकाने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली. माणसं गेली.

तेव्हापासून दर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आजीचा एक जादा उपास असायचा. प्रतिक्रमणात ती त्या वाक्याचं नाव घ्यायची. मी कॉलेजात गेल्यावर तिच्याशी भांडले. म्हटलं, "आजी, तू दोन जीव वाचवलेस, त्याचं प्रायश्चित्त कसलं?" ती म्हणाली, "जीव वाचवल्याचं कोण करतंय? खोटं बोलले त्याचं करतेय. खोटं ते खोटंच." मग थोड्या वेळाने, तांदूळ पाखडता पाखडता, "बोलले मी, मान यांनी हलवली. पाप दोघांचं, उपास मात्र माझ्या एकटीचा."

आजीने ऑगस्टीनचं नाव ऐकलं नव्हतं. सिस्टरला हे सांगितलं तर ती बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिली. तिच्या मनात हॉलंडमधली एक बाई होती, कोरी टेन बूम. घड्याळवाल्याची मुलगी, हार्लेम गावची. तिने ज्यू माणसं घरात लपवली आणि त्यांच्यासाठी खोटंही बोलली. १९४४ च्या फेब्रुवारीत घरावर धाड पडली, बहीण छळछावणीत मेली. तिच्याच नात्यातल्या एका मुलीने तर शिपायांना खरं सांगितलं होतं. भाऊ कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाली, टेबलाखाली. खरंच ते टेबलाखालच्या तळघरात होते. मुलीला हसू आवरेना, शिपाई वरमून गेले. सिस्टर म्हणाली, "एका घरात दोन बायका, एक खोटं बोलली, एक खरं. दोघींचाही देवावर विश्वास." मी म्हटलं, "आमच्या घरात ते दोन्ही एकाच बाईत होतं."

एक गोष्ट सिस्टरला सांगायची राहिली होती, ती नंतर सांगितली. तीन-चार वर्षांनी थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. आजीने आजोबांना बाजारात पाठवलं. साडी-चोळी, चांदीची जोडवी, नारळ, सगळं ताटात रचलं. आजोबा म्हणाले, "हे मामाकडचं आहेर आपण का न्यायचं? लोक काय म्हणतील?" आजी म्हणाली, "मी चारचौघांत तिला नणंदेची पोर म्हटलंय. तुम्ही मान हलवलीत. आता उठा."

आजोबा उठले, टोपी घातली आणि ताट घेऊन गेले. त्या घरातली मुलं अजून मला आत्या म्हणतात.