आपलंच रान, आपणच गिऱ्हाईक

रयतेला सारा भरायला चावडीवर हाकारायचं काम महाराचं. तो सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा, तोही त्यानंच. या राबणुकीच्या बदल्यात हाडकी-हाडवळा, आन् त्यावरही सरकारची जुडी!

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. पूर्ण सारा भरू, पण वेठ सोडा, जमीन रयतावा करा. बिल शेवटी मागं घ्यावं लागलं.

पुढं १९५८ चा कायदा आला. १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ वतनं खालसा. पण मित्रांनो, जमीन फुकट परत नाही मिळाली. आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरायची. नाही भरली, तर बापजाद्यांपासून कसणारा बेकायदा कब्जेदार. हे विकत घेणं नाही तर काय? मिळालेली जमीनही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

पैसे भरून जो खातेदार झाला, त्याच्या मानेवर पुन्हा साऱ्याचा तगादा. सारा थकला की जप्ती, मग लिलाव. १८७९ च्या कायद्यात हेच, १९६६ च्या कायद्यातही हेच. बोली लावणारा नसला तर सरकारच नाममात्र बोलीवर घेतं, आन् सातबाऱ्यावर ‘आकारी पड’ चढतं.

म्हणून नुसत्या घोषणा नकोत. तलाठ्याकडनं १९५९ नंतरचे फेरफार काढा. तिप्पट रक्कम कुणी भरली, नाव कुणाचं लागलं, ते वाचा.