पांथस्थाची खोली आणि तिचें दार

परगांवीं गेलेल्या मनुष्याला रात्रीपुरती जी खोली मिळते, ती कोणाची म्हणावयाची? भाडें देणाऱ्याची, कीं जागेच्या मालकाची? प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु खोलींत पाहुणा निजलेला असतां, किंवा तो समुद्रावर फिरावयास गेला असतां, हॉटेलचा नोकर न विचारतां दार उघडून आंत येतो, तेव्हां त्याचें महत्त्व एकदम ध्यानांत येतें. डहाणू, बोर्डी, घोलवड या किनाऱ्यावर चिकूच्या वाड्यांतून आज लहानमोठीं अनेक विश्रांतिगृहें आहेत. तलासरीवरून मुंबई–अहमदाबाद हमरस्ता जातो. २०१३ सालीं मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊं लागल्यापासून शहरांतील कुटुंबांना हा प्रदेश अधिकच जवळचा झाला. अशा प्रत्येक खोलीच्या कुलपाला बहुधा एकाहून अधिक किल्ल्या असतात. एक पाहुण्याच्या खिशांत, दुसरी मालकाच्या फळीवर. या दुसऱ्या किल्लीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्राचीन काळीं हा प्रश्नच नव्हता, कारण दारच नव्हतें. धर्मशाळेची ओसरी, देवळाचा सभामंडप, गांवची चावडी, येथें वाटसरू पथारी पसरीत आणि गांठोडें उशाखालीं घेऊन निजत. तेथें एकांत मुळींच नव्हता. जी कांहीं सुरक्षितता होती, ती चारचौघांच्या डोळ्यांची. राजसत्तेला मात्र या ओसरीची काळजी होती. धर्मशाळेच्या व्यवस्थापकानें पांथस्थ उतरवून घेण्यापूर्वीं अधिकाऱ्यास कळवावें, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत दुसरा एक नियम आहे, तो याहूनही महत्त्वाचा. तांड्यांतील व्यापाऱ्यांनीं आपल्या मालाची किंमत आधीं सांगून गांवांत मुक्काम केला, आणि रात्रीं त्यांतील कांहीं चोरीस गेलें, तर गांवाच्या प्रमुखानें तें भरून द्यावें. ज्याच्या आश्रयाला पाहुणा निजला, त्याच्यावरच त्याच्या मालाचा भार!

रोमन कायद्यानेंही हेंच तत्त्व स्वीकारलें होतें. नावाडी, खाणावळवाले आणि तबेलेवाले यांनीं ताब्यांत घेतलेल्या मालाबद्दल त्यांना जबाबदार धरावें, असें तेथील न्यायाधिकाऱ्यांचें फर्मान होतें. या तिघांबद्दल एवढा कठोरपणा कां? प्रवाशाला त्यांच्यावर विश्वास टाकल्यावांचून गत्यंतर नसतें, आणि चोराशीं त्यांचें संगनमत झालें तर परक्या गांवांत तें सिद्ध करणें अशक्यप्राय असतें. इंग्लंडांत १५८४ च्या एका प्रसिद्ध निकालांत न्यायाधीशांनीं एक पाऊल पुढें टाकलें. ‘आम्हीं किल्ली पाहुण्याच्या हातीं दिली होती, त्यानेंच दार उघडें टाकलें,’ ही सबब सराईवाल्यास चालणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. मात्र पाहुण्यानें स्वतःबरोबर आणलेल्या नोकरानें किंवा सोबत्यानें चोरी केली, तर तो दोष सराईवाल्याचा नव्हे.

१८६४ सालीं मुंबईचा लोहमार्ग उत्तरेस गुजराथशीं जोडला गेला, आणि या किनाऱ्यावरील प्रवासाचें रूप पालटलें. त्या सुमाराचे हिंदुस्थान सरकारचे दोन कायदे येथें पाहण्यासारखे आहेत. १८६० च्या दंडविधानानें मनुष्याच्या राहण्याच्या जागेंत इमारतीबरोबर तंबू आणि नौका यांचीही गणना केली, व अशा जागेंतील चोरीला साध्या चोरीहून जबर शिक्षा ठेवली. म्हणजे वास्तव्य एका रात्रीचें कां असेना, त्याला घराचें पावित्र्य मिळालें. २०२४ च्या जुलैपासून त्या दंडविधानाची जागा भारतीय न्यायसंहितेनें घेतली. हें तत्त्व तिच्यांतही कायम आहे. १८६७ च्या सराईंच्या कायद्यानें मालकावर बारीकसारीक कर्तव्यें लादलीं. भिंती आणि फाटकें दुरुस्त ठेवावीं, पुरेसे पहारेकरी नेमावे, दरांचा फलक लावावा, इतकेंच नव्हे तर ज्यांवरून चोर आंत उतरूं शकतील अशा झाडांच्या फांद्याही तोडाव्या! मॅजिस्ट्रेटनें मागितल्यास त्याला तपासणीसाठीं सराईंत मुक्त प्रवेश द्यावा, असेंही त्यांत आहे. बाहेरून येणाऱ्या चोराचा विचार झाला, सरकारी अधिकाऱ्याच्या प्रवेशाचा झाला. परंतु आंतील पाहुण्याला आपल्या खोलीचें दार कोणासाठीं उघडावें आणि कोणासाठीं लावावें याचा कांहीं अधिकार आहे, ही कल्पना त्या कायद्यास सुचली नाहीं.

न्यायालयांनीं हळूहळू ती उणीव भरून काढली. १९२२ च्या अलाहाबाद हायकोर्टाच्या निकालांतील हकीकत बोलकी आहे. खोली सुरक्षित नाहीं हें हॉटेलवाल्याला ठाऊक होतें. पाहुणा भोजनगृहांत जेवत असतां खोलींतील वस्तू चोरीस गेल्या. आणि १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें ठेव सांभाळणाऱ्याची जी जबाबदारी, ती हॉटेलवाल्यावर आहे असें ठरलें. २०१९ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या एका हॉटेलांतून गेलेल्या मोटारीच्या प्रकरणांत असें सांगितलें कीं, ताब्यांत दिलेली वस्तू नाहींशी झाली म्हणजे आपला निष्काळजीपणा नव्हता हें हॉटेलनेंच प्रथम दाखविलें पाहिजे.

हे सर्व निकाल वस्तूंचे झाले. पण कांहींच चोरीस न जातां नुसतें कोणी आंत येऊन गेलें, तर? पाहुण्याचें गेलें काय? याचें उत्तर १९६४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिलें. कॅलिफोर्नियांतील एका हॉटेलांत पाहुण्याच्या गैरहजेरींत रात्रपाळीच्या कारकुनानें पोलिसांना खोली उघडून दिली होती. न्यायालय म्हणालें, झाडलोट किंवा दुरुस्ती करणाऱ्या नोकरांना त्यांच्या कामापुरतें आंत येण्याची मुभा पाहुणा न बोलतां देत असतो. परंतु त्याच्या खोलीचा हक्क त्याच्या वतीनें सोडून देण्याचा अधिकार कारकुनाला नाहीं. दुसऱ्या किल्लीची मर्यादा याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितली गेली असेल. ती किल्ली कामासाठीं आहे, सत्तेसाठीं नव्हे.

डहाणू-तलासरीच्या भूमीवर या वाक्याला वेगळाच अर्थ येतो. येथील वारल्याच्या कारवीच्या कुडाच्या झोपडीला कुलूप नसे, आणि असतें तरी तें निरुपयोगीच ठरतें. जमीनदाराचा माणूस वेठीला माणसें नेण्यासाठीं केव्हांही आंत शिरे. लग्नाच्या कर्जापायीं जन्माचा गुलाम झालेल्या लग्नगड्याला स्वतःची अशी चौकट उरतच नसे. १९४५ च्या मे महिन्यांत आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी गांवीं किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठ व लग्नगडीपणा मोडून काढण्याचा निर्धार केला. तो लढा मजुरीचा आणि जमिनीचा होताच; परंतु माझ्या उंबरठ्यावर माझ्या इच्छेवांचून कोणी पाऊल ठेवूं नये, हीही मागणी त्याच्या मुळाशीं होती.

आज या भागांतील हॉटेलांत झाडलोट करणारा मुलगा किंवा चादरी बदलणारी बाई त्याच आदिवासी पाड्यांतून आलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. पाहुण्याचें घड्याळ दिसेनासें झालें कीं पहिला संशय त्यांच्यावर येतो. म्हणून दार ठोठावून, क्षणभर थांबून, मग आंत जाणें. काम चालू असतां दार उघडें ठेवणें. दुसरी किल्ली कोणी, केव्हां, कशासाठीं घेतली याची वहींत नोंद ठेवणें. हे नियम केवळ पाहुण्याच्या सोयीचे नव्हेत. मालकाच्या हुकुमानें जो आंत जातो, त्या गरीब माणसाच्या अब्रूचेंही तेच कवच आहे. पाहुण्यानेंही आपल्या मौल्यवान वस्तू मालकाच्या स्वाधीन करून पावती घ्यावी, आंतून कडी लावावी, आणि खात्री झाल्यावांचून कोणाला चोर म्हणूं नये.

अतिथीस देव मानण्याचा आपणांस अभिमान आहे. पण देवाच्या गाभाऱ्यांतसुद्धां पुजारी घंटा वाजवून प्रवेश करतो. भाड्याच्या खोलीपुढें तेवढा आदर दाखविण्यास कांहींच खर्च लागत नाहीं. आणि जो समाज परक्याचें दार ठोठावतो, तोच गरिबाच्या झोपडीचेंही दार ठोठावावयास शिकतो.