चाकणचा खंदक

तीस फूट रुंद आणि पंधरा फूट खोल. चाकणच्या किल्ल्याभोवतीच्या खंदकाचं हे माप ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवून ठेवलं आहे. त्याच्या वर्णनातला किल्ला चौकोनी आहे. कोपऱ्यांवर बुरूज, प्रत्येक बाजूच्या मध्यावर बुरूज, तट उंच पण त्याचा माथा अरुंद. आत जायची वाट एकच, पूर्वेकडून, आणि त्या एका वाटेवर एकामागे एक पाच-सहा दरवाजे. बाहेर आणखी मातीचा एक कोट, त्यालाही खंदक. आज पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकाच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतात कंटेनर.

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातली मंडळी हल्ली कंपनीच्या कामाने युरोपात जातात आणि तिथून फोटो पाठवतात. अशाच एका नातलगाने व्हिएन्नाहून भुयारी रेल्वेच्या श्टुबेनटोअर स्टेशनाचा फोटो पाठवला. स्टेशनात जुन्या शहराच्या तटाचे दगड जपून ठेवलेले आणि त्यांच्या बाजूने माणसं गाडी पकडायला चाललेली. ‘बघा, कसं जपतात!’ असं खाली लिहिलेलं. मी त्याला एवढंच कळवलं, की तू राहतोस तिथून अर्ध्या तासावर याच जातीचा एक तट आहे, आल्यावर दाखवतो. तेव्हापासून या तटाचा माग काढायचा नाद लागला.

किल्ल्याची मुळाक्षरं धूसर आहेत. १२९५ साली कुणा हबशी सरदाराने तो बांधला, अशी कथा इंग्रजांच्या गॅझेटियरने टिपली. गावात त्याहून जुनी गोष्ट सांगतात: दशरथाच्या रथाचं चाक इथे निखळलं, म्हणून चक्रेश्वर, म्हणून चाकण. (या गोष्टीवरून मोटारीच्या कारखान्यांवर कोटी करायचा मोह प्रत्येक वक्त्याला होतो. मी आवरला आहे.) खात्रीचा इतिहास सुरू होतो बहमनी काळात. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार कोकण जिंकायला निघाला तो चाकणला ठाणं करून. कोकणातल्या शिर्क्यांनी त्याला विशाळगडाच्या रानात नेऊन कापला. उरलेले परदेशी शिपाई जीव घेऊन चाकणच्या तटाआड आले, तर दरबारातल्या दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, अभयाचं वचन देऊन मेजवानीला बोलावलं आणि तिथेच कत्तल केली. इतिहासकार फिरिश्त्याने ती हकिगत लिहिली आहे. आपण या किल्ल्याचं नाव फक्त एका शौर्याशी जोडतो, पण त्या भिंतींनी हेही पाहिलं आहे. १४८६च्या सुमारास मलिक अहमदने, म्हणजे पुढच्या अहमदनगरच्या निजामशहाने, तो बंडखोर किल्लेदाराकडून घेतला. १५९५मध्ये पुणे-सुपे परगण्यांबरोबर शिवनेरी आणि चाकण मालोजीराजे भोसल्यांच्या हाती आले. त्यांच्या नातवाने, शिवाजी महाराजांनी, १६४०च्या दशकात फिरंगोजी नरसाळ्याला आपलासा करून किल्ला लढाईशिवाय स्वराज्यात घेतला आणि किल्लेदारी त्याच्याकडेच ठेवली.

डोंगराचा आधार नसलेल्या या भुईकोटासाठी इतकी ओढाताण का? उत्तर जमिनीवरच आहे. जुन्नरकडून पुण्याला येणारी वाट इथून जाते, तळेगावमार्गे घाटाखाली उतरणारी वाट इथे मिळते आणि पूर्वेला अहमदनगरकडचा मुलूख मोकळा. मोगलांचा सुभेदार शाहिस्तेखान १६६०च्या मे महिन्यात पुण्यात येऊन बसला तेव्हा त्याला तलवारीपेक्षा दाण्यावैरणीची चिंता जास्त होती. मराठ्यांनी भोवतालचा मुलूख उजाड केला होता. अहमदनगरहून रसद आणायची तर मधे घाट न ओलांडता येणारी जवळची वाट चाकणवरून होती. वाहतुकीचा हिशेब सांभाळणाऱ्या कुठल्याही मॅनेजरला खानाची अडचण चटकन कळेल.

२१ जूनला खानाची फौज चाकणला भिडली. वीस हजारांच्या आसपास ती आणि आत तीन-साडेतीनशे माणूस. पाऊस असा, की दारू भिजायची, मोर्चे वाहून जायचे, खंदक भरून जायचा. तोफांनी तट फुटेना, तेव्हा खानाने सुरुंग खणायला घेतला: आपल्या छावणीतून थेट ईशान्येच्या बुरुजाखाली. ते खोदकाम भर पावसाळ्यात पुरं होईपर्यंत वेढ्याला पन्नासवर दिवस झाले होते. १४ ऑगस्टला दुपारी बत्ती दिली. बुरूज त्यावरच्या माणसांसकट उडाला. मोगल खिंडाराकडे धावले, तर आत मातीचा नवा बांध तयार! तट जाणार हे ओळखून गडकऱ्यांनी मागे दुसरा तट उभारून ठेवला होता. त्या बांधावर झुंज झाली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. बालेकिल्ल्यात हटलेल्या फिरंगोजीने मोगलांकडच्या राव भावसिंह हाड्याच्या मध्यस्थीने शरणागती पत्करली. मोगलांचे २६८ ठार, ६०० जखमी. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली आणि महाराजांकडे परतला. पंचावन्न-छप्पन दिवस हा आकडा आपल्याकडे पाठ असतो, पण मला थोर वाटतो तो मातीचा बांध. शूर मरण पुष्कळांना येतं. भिंत पडायच्या आधी दुसरी बांधून ठेवायला वेगळं डोकं लागतं.

खानाने किल्ल्याचं नाव इस्लामाबाद ठेवलं. ते टिकलं नाही. तीन वर्षांनी, १६६३च्या एप्रिलमध्ये, लाल महालावरच्या महाराजांच्या छाप्यात त्याची बोटं तुटली आणि तो पुणं सोडून गेला. एका भुईकोटाला दोन महिने आणि नऊशे माणसं लागली, तर सह्याद्रीतल्या डोंगरी किल्ल्यांचं काय, हा हिशेब मोगली फौजेला चाकणने शिकवला.

आता व्हिएन्ना. चाकणनंतर तेवीस वर्षांनी, १६८३च्या १४ जुलैला, तुर्कांनी त्या शहराला वेढा घातला. तिथेही तोफांपेक्षा सुरुंगांवर भिस्त, तिथेही बुरूज उडाले, तिथेही आतल्यांनी खिंडारांमागे आडोसे उभारले. वेढा साठ दिवस चालला. फरक एवढाच, की १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा सोबिएस्की बाहेरून मदतीला धावून आला आणि शहर वाचलं. चाकणला बाहेरून मदत आली नाही. म्हणून एका वेढ्याची गोष्ट जगभरच्या शाळांतून शिकवतात आणि दुसऱ्याची इयत्ता चौथीपाशी संपते.

पण नातलगाच्या ‘कसं जपतात’ला उत्तर द्यायचंच झालं तर व्हिएन्नाकरांनी आपला तट जपला नाही, पाडला. इंग्लंडच्या रिचर्ड राजाच्या खंडणीच्या चांदीतून बाराव्या शतकाच्या अखेरीस वाढवलेला तो तट. सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७च्या डिसेंबरात पाडण्याचा हुकूम काढला आणि त्याच्या जागी रिंगस्ट्रासे हा गोल राजरस्ता केला. १८६५च्या १ मेला तो खुला झाला. ऑपेरा, संसद, विद्यापीठ, संग्रहालयं सगळी त्याच पट्ट्यावर. तट गेला तरी त्याचा आकार राहिला. नकाशात आजही बोट फिरवून दाखवता येतो.

चाकणचा तट पाडायचा हुकूम असा ठळकपणे कुणी काढला नाही. १८१८मध्ये लेफ्टनंट कर्नल डीकनने किल्ला घेतला आणि त्याचं लष्करी आयुष्य संपलं. वाटा मात्र संपल्या नाहीत. कांदा-बटाट्याची मोठी बाजारपेठ इथे झाली, शनिवारी जनावरांचा बाजार भरू लागला आणि मग एमआयडीसी आली. बजाज आली, २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्रा. कारणं खानाचीच: पुण्याला जवळ, घाट मधे नाही, पूर्व-पश्चिम-उत्तर सगळीकडे रस्ता. ज्या नाक्याने हा किल्ला जन्माला घातला त्याच नाक्याने त्याला गिळलं. खंदकाकडे, तटाच्या रेषेकडे वस्ती सरकत गेली ती कुणाच्या वाईट हेतूने नाही. ज्याला त्याला दोन हात जागा हवी होती. व्हिएन्नात निदान काय गेलं याची तारीख सांगता येते. आपल्याकडे तीही नाही.

तरी तटाचे तुकडे आहेत, बुरूज आहेत, खंदकाचा माग काढता येतो. संग्रामदुर्ग या किल्ल्याच्या नावाने कुणालाही विचारा, चाकण गावातच आहे. जायचं तर उन्हाळ्यात जाऊ नका. २१ जून ते १५ ऑगस्ट यांच्यातला एखादा धो-धो पावसाचा दिवस बघा आणि पूर्वेकडून आत शिरून ईशान्येच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहा. सुरुंग तिथे उडाला होता.